परमुलुखातलं पाणी

शेजारी पाण्याचा एक तांब्या भरून ठेवा आणि मग वाचायला बसा. पाणी लगेच प्यायचं नाही. नुसतं जवळ असू द्या. अधूनमधून त्याच्याकडं बघायचं आहे.

श्रवणानंतर मनन, असा आपल्याकडचा क्रम. ऐकलेलं मनात घोळवायचं, पुन्हा पुन्हा उलटून पाहायचं. मी सांगणार आहे ते तुम्ही कुठंतरी ऐकलेलं असेल. आज ते सावकाश ऐका, एवढंच म्हणणं आहे.

मी नांदूरघाटची. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं हे गाव, बालाघाटच्या मुलुखातलं. ज्वारी, तूर, कापूस, अलीकडं सोयाबीन. आणि पाऊस आला तर आला. आमच्याकडं ‘प्रवास’ हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नसतो. लग्नाला जाणं असतं, पंढरीला जाणं असतं, आणि दसरा सरला की ऊस तोडायला ‘कारखान्याला जाणं’ असतं. या तिसऱ्या जाण्याबद्दल बोलायचं आहे.

पहाटेचा अंधार डोळ्यांपुढं आणा. गावाच्या कडेला ट्रॅक्टर उभा आहे. ट्रॉलीत आधी काय चढतं ते बघा. पत्र्याची पेटी. ज्वारीच्या पिठाचं पोतं. तवा, परात, काटवट. कोपीसाठी, म्हणजे राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री. पाय बांधलेल्या चार कोंबड्या. पाण्याची मोकळी घागर. या सगळ्यावर माणसं. प्रत्येक नवरा-बायकोमागं एक कोयता, म्हणून त्या जोडप्याचं नावच ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, आणि ती फिटेपर्यंत माघारी यायचं नाही. ट्रॅक्टर सुरू होतो. खाली एक म्हातारी उभी आहे आणि तिच्या लुगड्याचा पदर धरून एक सहा-सात वर्षांची पोर.

ती पोर मी.

इथं जरा थांबा. ट्रॅक्टरचा दिवा वळणावर दिसेनासा होईपर्यंत थांबा. मी तेवढं थांबत असे.

१९७२ च्या दुष्काळात आई-वडिलांनी खडी फोडली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, आणि त्यानंतर ते उसाच्या फडावर जाऊ लागले. ती मिलो अमेरिकेतून आलेली असते, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर कळलं. आम्ही परदेशी गेलो नव्हतो तरी परदेश आमच्या तव्यावर येऊन गेला होता.

चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आई परत यायची. अंगाला उसाच्या पाचटाचे ओरखडे, हातांना घट्टे. पहिले दोन दिवस ती नुसती झोपायची. तिसऱ्या दिवसापासून बोलू लागायची, आणि मग ओसरीवर शेजारपाजारच्या बायका जमायच्या. पुढं मी पुष्कळ प्रवासवर्णनं वाचली, मुलांना शिकवलीही. पण ऐकलेलं पहिलं प्रवासवर्णन आईचं. तिच्या भूगोलात एकच सीमा होती. ‘पंढरपुराला भीमा वलांडली की परमुलूख.’ पलीकडं शिरोळ तालुका, कृष्णाकाठ. ती सांगायची, तिकडं नदीला चैतातबी पाणी असतं. तिकडं लोक भात लई खातात. तिकडच्या बाया सकाळी उठून आधी म्हशीची धार काढतात आन् दूध डेअरीला घालतात, लेकराला मागून देतात. तिकडं घराच्या दारातच नळ असतो, हंडा घेऊन कुठं जावं लागत नाही. हे शेवटचं वाक्य आलं की बायका गप्प व्हायच्या.

ती हे सगळं कधी पाहत असेल, याचा मी पुढं खूप विचार केला. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात जायचं, नवरा तोडतो तो ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. खाडा पडला तर पैसे कापले जायचे. एवढ्या धबडग्यात तिला दुसऱ्याच्या गोठ्यातली म्हैस दिसत होती, दारातला नळ दिसत होता, दूध आधी कुठं जातं ते दिसत होतं. निवांत माणसालाच प्रवासात काही दिसतं अशी आपली समजूत असते. ती मला खरी वाटत नाही.

आपल्या भाषेतलं एक मोठं प्रवासवर्णनही कर्जापायीच घडलेलं आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरातून निघाले ते डोक्यावरचं देणं फेडण्यासाठी. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं त्यांच्या कानावर आलं होतं. वाटेत बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीत अडकले. ‘माझा प्रवास’ त्यांनी १८८३ मध्ये लिहिला आणि तो छापून निघायला १९०७ साल उजाडलं. गोडसे भटजींना लिहिता येत होतं. माझ्या आईला येत नव्हतं. दोघं निघाली ते देण्यापायीच.

आता तांब्याकडं बघा. पाणी निवळलं असेल.

एका वर्षी आई माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेली. तो तेव्हा तीन महिन्यांचा होता. फडाच्या कडेला साडीची झोळी बांधून त्यात त्याला टाकायची आणि काम करायचं, असं चाललं होतं. एक दिवस तिला फणफणून ताप भरला. घागरीतलं पाणी संपलेलं. शेजारच्या वस्तीवर ती पाणी मागायला गेली. दारात एक बाई होती. तिनं दारातल्या नळाकडं बोट दाखवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. ती आत गेली, माठातलं पाणी घेऊन आली, आईला ओट्यावर बसवून प्यायला दिलं. मग काही न विचारता कडेवरचं लेकरू घेतलं आणि घरातल्या पाळण्यात नेऊन टाकलं. ‘जा आता. कडुसं पडायला ये,’ एवढंच म्हणाली. आई संध्याकाळी गेली तेव्हा भाऊ दूध पिऊन झोपला होता.

त्या बाईला आई ‘आक्का’ म्हणायची. नाव विचारायचं राहून गेलं. चार दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर हलली आणि पुन्हा त्या वस्तीकडं जाणं झालं नाही.

पुढं प्रत्येक आखितीला, पितरांच्या नावानं पाण्याचं मडकं भरतात तेव्हा, आई एक मडकं जास्तीचं भरायला लागली. आजी रागावली. जित्या माणसाच्या नावानं मडकं भरत नसतात, म्हणाली. आईनं ऐकून घेतलं. मग ते मडकं उचललं, दाराबाहेर कडुनिंबाखाली ठेवलं आणि वर पितळी पेला पालथा घातला. येणारा-जाणारा पाणी पिऊन जाऊ लागला. उन्हाळाभर ती ते रोज भरत राहिली. आजीनंही नंतर कधी हटकलं नाही. उलट आई नसली की तीच भरायची.

हे मडकं मनात थोडा वेळ ठेवा. कुणासाठी ठेवलं आणि कोण पिऊन गेलं, हे आता जुळवायला जाऊ नका.

मागच्या मे महिन्यात मी जर्मनीला जाऊन आले. लेक स्टुटगार्टमध्ये नोकरी करते. शहर डोंगरउतारावर वसलेलं, उतारांवर द्राक्षाचे मळे, आणि वर-खाली जायला दगडी पायऱ्यांच्या लांबच लांब वाटा. पहिले आठ दिवस लेक कामाला गेली की मी बसथांब्याजवळच्या बाकावर जाऊन बसायची. भाषा येत नसली की माणूस कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

तिथं एक म्हातारा रोज यायचा. कपडे स्वच्छ, हातात मोठी पिशवी. कचऱ्याच्या डब्यापाशी यायचा, वाकून बघायचा, रिकामी बाटली दिसली की पिशवीत टाकायचा. लेकीला विचारलं. तिनं सांगितलं ते असं. पाण्याची, शीतपेयाची एकदाच वापरायची बाटली विकत घेतली की तिथं २५ सेंट अनामत भरावी लागते. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे मिळतात. २००३ पासून हा नियम आहे. ज्यांची पेन्शन पुरत नाही अशी काही माणसं लोकांनी टाकून दिलेल्या बाटल्या गोळा करतात.

मग एके दिवशी एक शाळकरी मुलगी आली. तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं. डब्यापाशी गेली. बाटली आत टाकली नाही. खाली, डब्याच्या पायाशी नीट उभी करून ठेवली आणि बसमध्ये चढली. थोड्या वेळानं म्हातारा आला, बाटली उचलली आणि गेला. त्याला डब्यात हात घालावा लागला नाही. तिथले बरेच लोक असं करतात, हे मग मी रोज पाहिलं.

मला आजीचा सरवा आठवला. ज्वारीची काढणी झाली की मागं रानात कणसं राहतात. ती वेचायला गरिबाघरच्या बायका जातात, त्याला सरवा वेचणं म्हणतात. आजीही जायची, मी तिच्या मागं. एका शेतातली कणसं नेहमी बांधाच्या कडेनं, हाताला येतील अशी पडलेली असायची. लहानपणी वाटायचं, त्या शेतकऱ्याचे गडी आळशी आहेत. स्टुटगार्टच्या बाकावर, साठी उलटल्यावर, मला त्या शेतकऱ्याचं मन कळलं. घेणाऱ्याला मागावं लागू नये, वाकावं लागलं तरी कमी वाकावं लागावं, एवढी काळजी करणारं कुणीतरी आमच्या शिवारात होतं. हे त्याला सांगावं तर आता तो नाही.

श्वास घ्या. तुमच्यासाठी कुणी असं काही बांधाच्या कडेला ठेवलं होतं का, जे तुम्ही त्या वेळी त्याचा निष्काळजीपणा समजलात? उत्तर लगेच सापडणार नाही. प्रश्न राहू द्या.

एका शनिवारी आम्ही श्वेट्झिंगेनला निघालो. तिथला राजवाडा आणि बाग बघायला लोक जातात. तो भाग शतावरीच्या भाजीसाठी प्रसिद्ध आहे. पांढरी, बोटाएवढी जाड शतावरी. मातीचे उंच वरंबे करून त्यावर काळं प्लॅस्टिक अंथरतात, म्हणजे कोंब उजेडात न येता पांढरेच राहतात. रस्त्याकडेच्या एका शेतात तीस-चाळीस माणसं वाकलेली होती. एक कोंब हातानं मोकळा करायचा, लांब पात्यानं खालून कापायचा, माती पुन्हा सारखी करायची, पुढं सरकायचं. शेताच्या कडेला एक बस, आणि पत्र्याच्या खोल्यांची ओळ. दोरीवर कपडे वाळत होते.

मी लेकीला गाडी थांबवायला सांगितलं.

ही माणसं रुमानियातून येतात, पोलंडमधून येतात, असं ती म्हणाली. हंगामापुरती. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत. त्या तारखेनंतर कोंब काढत नाहीत, नाहीतर झाडाला पुढच्या वर्षासाठी जोर उरत नाही. म्हणजे पट्टा २४ जूनला पडतो, मी म्हटलं. लेक माझ्याकडं बघत राहिली. तिनं हा शब्द आजीच्या तोंडून ऐकलेला होता.

२०२० चा एप्रिल आठवा. जग दाराआड बसलेलं होतं. त्याच महिन्यात जर्मनीनं या कामासाठी परदेशी मजुरांना येण्याची खास परवानगी दिली, एप्रिल आणि मे मिळून ऐंशी हजार माणसांची, आणि रुमानियातून विमानं भरून मजूर आणले. त्याच महिन्यात आपल्याकडचे लाखाहून जास्त ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकून पडले होते. पट्टा पडला तरी गावी परतायला सरकारच्या हुकमाची वाट पाहत. नांदूरघाटात घराघरांत म्हातारी माणसं आणि लेकरं रस्त्याकडं डोळे लावून बसली होती. खाणाऱ्याच्या ताटात शतावरी वेळेवर पोचली, साखरही पोचली.

परतताना आम्ही गावातल्या स्टेशनाबाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई येऊन बसली. चाळिशीची असेल. नखांत माती, मनगटाला पट्टा बांधलेला. वाकून वाकून कंबर धरलेल्या माणसाचं बसणं मला लांबूनही ओळखू येतं. मी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली. ती आधी नको म्हणाली, मग घेतली. बाटलीला तोंड लावून प्यायली आणि परत देताना बाटलीचं तोंड स्वतःच्या बाहीनं नीट पुसलं. आपल्याकडं वरून पितात, उष्टं करत नाहीत. तिच्याकडं पुसून देतात. मी तशीच, तोंड लावून, उरलेलं पाणी प्यायले.

लेकीला जर्मन येतं, त्या बाईलाही कामापुरतं येत होतं. तिनं दोन बोटं दाखवली, मग हात जमिनीपासून एवढा आणि एवढा असा धरला. दोन मुलं. मी हातांनीच विचारलं, कुणापाशी? त्या बाईनं पाठीत वाक काढला, डोक्यावर रुमाल बांधल्याची खूण केली आणि काठी टेकत चालल्यासारखं केलं.

आजीपाशी.

यापुढं मला काही विचारता आलं नाही. सहा-सात वर्षांची पोर, पदर धरून उभी राहिलेली, ती इतकी वर्षं माझ्यात उभीच होती. आई जाताना कसं वाटतं हे मला माहीत होतं. जाणाऱ्या आईला काय वाटतं, हे विचारायला माझी आई आता नाही. ते मी त्या बाईच्या तोंडावर वाचलं. मी तिचा हात हातात घेतला. तिची गाडी येईपर्यंत आम्ही तशा बसून होतो.

लेकीनं नंतर विचारलं, ‘आई, तिला निघताना काय म्हणालीस?’ मी ‘येते गं बाय’ म्हणाले होते. मराठीत.

नात्याचा शब्द लावल्याशिवाय आपल्याला परकं माणूस जवळ करता येत नाही. आई आक्का म्हणाली. तिच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी आनंदीबाई जोशी मावशी म्हणाल्या होत्या. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडं आपली पाळी यायची वाट पाहत होत्या. तिथं पडलेलं एक मासिक त्यांनी चाळलं, आणि त्यात बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळराव जोशींचं पत्र होतं. दात दुखायचा दिवस दुसरा असता तर? १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीनं न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा समुद्रापार पाठवली गेली आणि कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत, पोकीप्सीला, ठेवली गेली. मावशी म्हटल्याचा मान तिकडच्या माणसांनी इतका राखला.

आता आठवा. तुम्ही घरापासून लांब होता. वाट चुकली होती, पैसे संपले होते, किंवा नुसतंच एकटं वाटत होतं. कुणीतरी काहीतरी केलं. जागा दिली, पत्ता दाखवला, चहा पुढं केला. नाव माहीत नसेल. चेहरा पुसट झाला असेल. हात आठवतो का बघा. त्या माणसाला तुम्ही काय म्हणाला होता? दादा, काका, ताई? घाई नको. मी इथं बसलेली आहे.

सापडलं असेल तर आता उलट्या बाजूनं बघायचं. हे अवघड आहे, मलाही अवघड गेलं.

जर्मनीहून परतल्यावर आठवड्याभरात आमच्या आळीत बोअर पाडायची गाडी आली. आमच्या भागात पाणी खोल गेलंय. पाडतात, कोरडं लागतं, पुन्हा पाडतात. या गाड्या बहुतेक तमिळनाडूकडच्या, तिरुचेंगोडे गावची पाटी असलेल्या. पोरं तिकडची असतात, कधी बिहारची, छत्तीसगडची. रात्रभर यंत्राचा आवाज, पांढऱ्या भुकटीचा लोट. त्या धुळीत तोंडाला फडकं बांधून ती काम करतात आणि गाडीच्या सावलीत झोपतात. अशा गाड्या मी तीस वर्षं पाहत आलेय. इतकी वर्षं धूळ येते म्हणून मी खिडकी लावून घेत होते. आमच्या पायाखालचं पाणी वर काढायला हजार किलोमीटरवरून आलेल्या पोराला मी कधी पाणी विचारलं नव्हतं.

या वेळी गेले. कळशीभर पाणी आणि गुळाचा खडा. एक विशीचं पोरगं पुढं आलं. त्यानं वरून, एकही थेंब न सांडता पाणी प्यायलं आणि म्हणालं, ‘अम्मा.’

दाराबाहेरच्या कडुनिंबाखाली मी पुन्हा मडकं ठेवलंय. रोज दोनदा भरावं लागतं.

तांब्यातलं पाणी आता प्या. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

आणि तुम्ही सांगली-कोल्हापूरकडचे असाल, सातारा-सोलापूरचे, पुणे-नगरचे किंवा बेळगाव-अथणीकडचे असाल, तर एक विनंती आहे. दिवाळीच्या आगंमागं तुमच्या शिवाराच्या कडेला कोपी उभ्या राहतील. त्यात नांदूरघाटचंही कुणी असेल. पहिल्याच दिवशी जा. जवळचा नळ कुठं आहे ते तिथल्या बाईला दाखवा. तिचं नाव विचारा, तुमचं सांगा. आणि लेकरं कुणापाशी ठेवून आलीस बाई, एवढं विचाराच.